भर उन्हात सावलीपेक्षा गार राहणारं छप्पर

दर हिवाळ्यात एक बातमी हमखास येते. महाबळेश्वरला वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर, बोटींच्या जेटीवर पांढरा थर साचला. सोबत हिमकण खरवडून तळहातावर घेतलेल्या पर्यटकांचा फोटो असतो. आणि त्याच बातमीत खाली लिहिलेलं असतं, किमान तापमान पाच-सहा अंश. इथे जरा थांबायला हवं. पाणी शून्य अंशाला गोठतं. हवा शून्याच्या पाच अंश वर असेल, तर गाडीच्या टपावर बर्फ आला कुठून?

बातमी खोटी नसते आणि तापमापकही बिघडलेला नसतो. हवामान खात्याचा तापमापक लाकडी झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो आणि तो हवेचं तापमान सांगतो. तलावाकाठच्या खोलगट भागात रात्री थंड हवा उतरून साचते, त्यामुळे तिथला पारा आणखी थोडा खाली असतो. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. गाडीचा टप त्याला लागून असलेल्या हवेपेक्षाही थंड झालेला असतो. गरम वस्तू निवत निवत भोवतालच्या हवेइतकी होते आणि तिथे थांबते, असं आपण धरून चालतो. टप तिथे थांबत नाही, कारण त्याची उष्णता नुसती हवेत जात नाही. ती थेट आकाशात जाते.

गेल्या दहा-बारा वर्षांत पदार्थविज्ञानात एक मोठा शोध याच गोष्टीवर उभा राहिला आहे. रात्री गाडीच्या टपाला जे जमतं, ते भर दुपारी घराच्या छपराला जमवायचं. वीज नाही, पंखा नाही, पाणी नाही. छप्पर नुसतं उन्हात पडून राहणार आणि सावलीतल्या हवेपेक्षा चार-पाच अंश गार होणार. हे आता अनेक प्रयोगशाळांनी करून दाखवलं आहे. ते कसं होतं आणि आपल्या पत्र्याच्या घरांना त्यातलं नेमकं काय उपयोगी पडेल, हे सांगायचा हा प्रयत्न.

प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते, अदृश्य किरणांच्या रूपात. आपलं शरीर, भिंत, दगड, थंड पाण्याचा माठसुद्धा. या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. कोरोनाच्या काळात दुकानाच्या दारात कपाळावर रोखायचे ती टेम्परेचर गन हेच किरण मोजत होती. कारखान्यात यंत्रांचं तापमान बघायला वापरतात ती, शून्याखालचंही तापमान दाखवणारी गन मिळाली, तर एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. हिवाळ्यात कोरड्या, निरभ्र रात्री ती जमिनीवर रोखा, मग भिंतीवर, आणि मग सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे. जमीन पंधरा दाखवेल, भिंत अठरा दाखवेल आणि आकाश शून्याच्या खाली, बऱ्याचदा खूप खाली. दिवसा करायचा असेल तर सूर्यावर मात्र रोखू नका.

ती गन आकाशात काय बघते? आठ ते तेरा-चौदा मायक्रोमीटर लांबीच्या लहरी ती टिपते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या आजूबाजूच्या, म्हणजे २५-३० अंशांच्या वस्तू जे किरण सोडतात, त्यांचा जोर दहा मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतो. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बहुतेक अवरक्त किरण शोषून घेतात आणि त्यातली बरीच उष्णता परत खाली पाठवतात. पण आठ ते तेरा मायक्रोमीटर या पट्ट्यात कोरडी हवा जवळजवळ आरपार असते. या खिडकीतून निघालेली उष्णता वाटेत कुणी अडवत नाही. ती वातावरण ओलांडून अंतराळात जाते, आणि अंतराळाचं तापमान उणे २७० अंश आहे. आपल्या वस्तूंच्या किरणांचा जोर आणि ही खिडकी दोन्ही एकाच जागी असणं ही केवढी मोठी सोय आहे! ही खिडकी नसती तर पृथ्वीला आपली उष्णता बाहेर टाकणं फार जड गेलं असतं.

निफाड भागातल्या द्राक्षबागायतदारांना हे कुणी शिकवावं लागत नाही. डिसेंबरात आभाळ निरभ्र झालं आणि वारा पडला की ते रात्रभर जागे असतात. बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे विहिरीचं पाणी सोडलं जातं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, पण मण्यांना आणि पानांना सोसावा लागलेला गारठा त्या आकड्याहूनही तीव्र असतो. आभाळ भरून आलेलं असेल तर तीच मंडळी त्या रात्री झोपतात. ढग म्हणजे जमिनीवर पांघरलेली गोधडी. खिडकी बंद, उष्णता इथल्या इथे.

या गारठ्याचा आपल्या देशात एकेकाळी मोठा व्यवसाय होता. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. अलाहाबाद, मोतीझील आणि कलकत्ता या भागांत उघड्या मैदानावर दोनेक फूट खोल, लांबरुंद खड्डे खणत. तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर अंथरत, म्हणजे जमिनीची ऊब वर येत नाही. त्यावर बोटाच्या पेराएवढी खोली असलेली पातळ मातीची भांडी ओळीनं मांडत. संध्याकाळी त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतत, आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करून खोल तळघरात दाबून भरत. उन्हाळ्यात सरबतं आणि मलईचे पदार्थ गार करायला तो पुरे. बार्करनं मुद्दाम नोंदवलं आहे की त्या भागातल्या तळ्यांत किंवा टाक्यांत आपण कधी नैसर्गिक बर्फ पाहिला नाही, आणि रात्रीचा पाराही कधी गोठणबिंदूला गेला नाही. तरी भांड्यात बर्फ होता. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि म्हणून गारवा येतो, असं तेव्हा पुष्कळांना वाटत होतं. १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरानं दवावर केलेल्या प्रयोगांतून खरं कारण पुढे आणलं. त्यानं रात्री उघड्यावर एक फळी पायांवर उभी केली, लोकरीचा एक पुंजका फळीच्या वर ठेवला आणि तेवढाच दुसरा खालच्या बाजूला लावला. सकाळी वरच्या पुंजक्यावर खालच्याहून कितीतरी जास्त दव होतं. हवा दोघांना सारखीच. फरक एवढाच की वरच्याला आकाश दिसत होतं. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या टपावर हिमकण साचत नाहीत, तेही यामुळेच.

मग दिवसा हे का होत नाही? होतं की! खिडकी दिवसाही उघडीच असते, छप्पर दिवसाही आकाशात उष्णता टाकतच असतं. फक्त त्याच वेळी सूर्य त्याच्या कितीतरी पट उष्णता वरून ओततो. इथे थोडे आकडे बघावेच लागतील, कारण सगळी गंमत त्या आकड्यांत आहे.

भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. कोरड्या, निरभ्र हवेत एका चौरस मीटरमधून आकाशात जाणारी निव्वळ उष्णता, म्हणजे आकाशाकडून परत येणारी वजा करून, फार तर १०० वॅटच्या आसपास असते. आता बाजारात मिळणारा चांगला पांढरा रंग घ्या. तो ८० ते ९० टक्के ऊन परतवतो. मधला ८५ धरला तरी १५ टक्के आत शिरलं, म्हणजे १५० वॅट. मिळकत १५०, खर्च १००. छप्पर हवेपेक्षा गरमच राहणार. समीकरण उलटवायचं असेल तर नव्वदच्या बरंच वर जायला हवं, आणि त्याच वेळी खिडकीच्या पट्ट्यात भरपूर किरण सोडता आले पाहिजेत. एकच पृष्ठभाग उन्हासाठी जवळजवळ आरसा आणि अवरक्तासाठी जवळजवळ काळा असायला हवा. हे दोन्ही एकत्र आणणं हेच अनेक वर्षं जमत नव्हतं.

२०१४ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ते जमलं. आस्वथ रामन आणि शानहुई फान यांच्या गटानं सिलिकॉनच्या चकतीवर चांदीचा थर दिला आणि त्यावर हाफ्नियम डायऑक्साइड व सिलिका यांचे एकाआड एक असे सात थर चढवले. सातही थरांची मिळून जाडी दोन मायक्रोमीटरहून कमी. चांदी आणि खालचे पातळ थर ऊन परतवतात, वरचे जाड थर खिडकीच्या पट्ट्यात उष्णता सोडतात. ही चकती ९७ टक्के ऊन परतवत होती. विद्यापीठाच्या गच्चीवर, थेट उन्हात, ती भोवतालच्या हवेपेक्षा ४.९ अंश गार राहिली. गारवा मोजला तो चौरस मीटरमागे ४० वॅटच्या आसपास. रामन कॅनडात वाढले आणि लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीआजोबांकडे मुंबईला यायचे. घरात एसी नव्हता आणि आजीआजोबा तो घ्यायला तयार होत नव्हते, हे त्यांनी स्वतः जाहीर व्याख्यानात सांगितलं आहे. मुंबईच्या त्या खोलीतल्या उकाड्यातून या शोधापर्यंत किती सरळ रेघ ओढायची ते ज्याचं त्यानं ठरवावं, मला मात्र ती दिसते.

पण हाफ्नियम महाग, चांदी महाग, आणि निर्वात पोकळीत थर चढवायची यंत्रं त्याहून महाग. असलं छप्पर कुणी घरावर घालणार नाही. म्हणून पुढची सगळी धडपड हीच गोष्ट स्वस्तात कशी होईल याची आहे. २०१७ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटानं पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात काचेचे सूक्ष्म मणी मिसळले आणि मागून चांदीचा मुलामा दिला. असा पापुद्रा कापडासारखा गुंडाळ्यांवर बनवता येतो, आणि त्यानं दुपारी ९३ वॅटपर्यंत गारवा दाखवला. २०१८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धातूही बाजूला पडला. तिथे असं प्लास्टिक तयार केलं की ते ब्रशनं लावलं की सुकताना त्यात लहानमोठी असंख्य छिद्रं पडतात, आणि ती छिद्रंच ऊन परतवतात.

पांढरेपणा येतो तो असाच. मिठाचा एक मोठा खडा पारदर्शक असतो, तोच कुटला की पांढराशुभ्र दिसतो. मीठ तेच, पण आता प्रकाशाला वाटेत हजारो कडा लागतात, प्रत्येक कडेवर तो वळतो, आणि शेवटी आला तसा बाहेर पडतो. वाटेत त्याला शोषणारं काही नसलं की झालं. इथेच नेहमीचा पांढरा रंग कमी पडतो. त्यातली पांढरी भुकटी टायटॅनियम डायऑक्साइडची असते. ती दिसणारा प्रकाश उत्तम परतवते, पण उन्हातले अतिनील किरण शोषून घेते. त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, तरी वरचा हिशोब आठवला तर ते ५० वॅट झाले, म्हणजे आकाशात जाणाऱ्या १०० वॅटांतली अर्धी कमाई गेली.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात झिउलिन रुआन यांच्या गटानं टायटॅनियम सोडूनच दिलं. आधी त्यांनी कॅल्शियम कार्बोनेट घेतलं, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात तेच, आणि ९५.५ टक्क्यांपर्यंत पोचले. मग २०२१ साली बेरियम सल्फेटचा रंग आला, ९८.१ टक्के. पोटाचा एक्स-रे काढताना पांढरं दाट औषध प्यायला देतात, तेच हे बेरियम सल्फेट. दोन युक्त्या त्यांनी केल्या. रंगात भुकटीचं प्रमाण नेहमीपेक्षा खूप वाढवलं, सुमारे ६० टक्के. आणि कण सगळे एका मापाचे न ठेवता लहानमोठे ठेवले, कारण उन्हात वेगवेगळ्या लांबीच्या लहरी असतात आणि प्रत्येक लहर आपल्या मापाच्या कणावरून नीट परतते. हा रंग लावलेला पृष्ठभाग भर दुपारी हवेपेक्षा सुमारे साडेचार अंशांनी आणि रात्री दहा अंशांनी गार राहिला. बेरियमचं खनिज दुर्मीळ नाही. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटला त्याचा जगातला एक मोठा साठा आहे. त्यामुळे असा रंग इथे बनायला कच्चा माल आड येऊ नये. थर मात्र जाड, ०.४ मिलिमीटरच्या आसपास द्यावा लागतो, आणि एवढी भुकटी भरलेला रंग किती वर्षं चिकटून राहतो हा प्रश्न प्रयोगशाळेच्या गच्चीवर सुटत नाही.

२०२३ साली हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठानं छिद्रांची एक सिरॅमिक फरशी केली, ती ९९.६ टक्के ऊन परतवते. कल्पना एका अतिपांढऱ्या भुंग्याच्या खवल्यांवरून घेतलेली. सहाराच्या वाळवंटातली चंदेरी मुंगीही हेच करते. तिच्या अंगावरचे तिकोनी केस ऊन परतवतात आणि अंगातली उष्णता आकाशात सोडतात, म्हणून बाकीचे प्राणी बिळात असताना ती भर दुपारी अन्न शोधत फिरते. त्या केसांचं काम २०१५ साली उलगडलं.

आता आपल्या पत्र्याकडे येऊ. चकचकीत नवा जस्ती पत्रा निम्म्याहून जास्त ऊन परतवतो. मग तो एवढा का तापतो, की दुपारी हात ठेववत नाही? कारण चकचकीत धातूला अवरक्त किरण फारसे सोडताच येत नाहीत. जे थोडं ऊन आत शिरतं ते बाहेर टाकायचा त्याचा रस्ता जवळजवळ बंद असतो. मग ती उष्णता खाली, घरात उतरते. पत्र्यावर पांढरा रंग लावला की दोन कामं होतात: ऊन कमी शिरतं आणि शिरलेलं बाहेर जायला वाट मिळते, कारण जवळजवळ सगळे रंग अवरक्तात चांगले किरण सोडतात, पांढरा असो की काळा. हा दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही, पण पत्र्याच्या बाबतीत तो मोठा आहे.

आणि इथे मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. समजा जुना गंजका पत्रा ३० टक्के ऊन परतवतो. म्हणजे चौरस मीटरमागे ७०० वॅट आत. साधा पांढरा रंग लावून तो ८५ टक्क्यांवर नेला तर १५० वॅट आत, म्हणजे ५५० वॅट वाचले. तिथून पुढे प्रयोगशाळेतल्या ९८ टक्क्यांच्या रंगापर्यंत गेलं तर आणखी १३० वॅट वाचतात. शेवटच्या या १३० वॅटमुळेच छप्पर हवेच्या तापमानाखाली जातं, म्हणून विज्ञानाच्या दृष्टीनं उंबरठा तोच. पण पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला एकूण फायद्याचे पाचातले चार भाग आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या रंगातच मिळतात. ‘नवा चमत्कारी रंग येतोय’ अशा बातम्या वाचून कुणी थांबून राहू नये, असं मला कळकळीनं वाटतं. अहमदाबादनं २०१७ मध्ये शीतल छपरांचा कार्यक्रम सुरू केला, महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी तिथल्या वस्त्यांमधली छपरं पांढरी केली. तेलंगणनं २०२३ मध्ये पाच वर्षांचं शीतल छप्पर धोरणच आणलं आणि ३०० चौरस किलोमीटर छपरांचं उद्दिष्ट ठेवलं. चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव ही आपली गावं दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात. तिथल्या शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या पत्र्यांपासून सुरुवात करायला संशोधनाची वाट बघायची गरज नाही.

एसीची जागा हा रंग घेईल का? नाही. दहा बाय दहाच्या खोलीचं छप्पर साडेनऊ चौरस मीटरच्या आत असतं. ४० वॅटच्या हिशोबानं गारवा झाला पावणेचारशे वॅट. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. पण एसी ती उष्णता काढून गल्लीत टाकतो, वर वापरलेल्या विजेची भर घालून. शेजाऱ्याच्या खिडकीत तीच गरम झळ जाते. आकाशात टाकलेली उष्णता शहरात राहतच नाही. शिवाय दोघांची सांगडही घालता येते: फान आणि रामन यांच्या गटानं २०१७ साली असे पत्रे वापरून वाहतं पाणी हवेपेक्षा पाच अंशांपर्यंत गार केलं आणि ते एसीच्या यंत्रणेला जोडलं तर लास व्हेगससारख्या कोरड्या गावात उन्हाळ्यात कार्यालयाच्या थंडाव्याची वीज २१ टक्के वाचेल असा हिशोब मांडला. पुढे त्यांनी रात्री याच थंड पृष्ठभागापासून थोडी वीज बनवून एक छोटा दिवाही लावला. चौरस मीटरमागे पंचवीस मिलिवॅट एवढीच वीज, पण अंधारातून काढलेली!

लास व्हेगस हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावं. तिथली हवा कोरडी आहे. हवेतली वाफ वाढली की खिडकी धूसर होत जाते, आणि ढग आले की बंदच. कोलंबियाच्या त्या छिद्रांच्या रंगानं ॲरिझोनाच्या वाळवंटात सहा अंशांचा गारवा दिला, बांगलादेशच्या दमट हवेत मात्र तीन अंशांचा. रत्नागिरी, मुंबई, पणजी इथे असाच निम्मा हिशोब धरावा. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते मे हवा कोरडी असते, आकाश मोकळं असतं आणि गरजही तेव्हाच सर्वांत जास्त असते. आणखी एक अट आकाश दिसण्याची. उंच इमारतींच्या फटीतल्या भिंतीला आकाश जेमतेम दिसतं. तिला समोरची तापलेली भिंत दिसते. म्हणून हे तंत्र छपराचं आहे, भिंतीचं नाही.

धूळ हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे, आणि परदेशी प्रयोगांत तिचा विचार सर्वांत कमी झालेला असतो. ऊन १००० वॅट धरलं तर पांढरेपणातला एकेक टक्का म्हणजे दहा वॅट. ९८ टक्क्यांचा रंग धुळीनं ९० वर आला की ८० वॅट गेले, आणि हवेपेक्षा गार राहण्याची सगळी मिजास संपली. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात थांबतो. तिथून पुढे सात-आठ महिने छपरावर धूळ, चुलीचा धूर, गाड्यांची काजळी साचत राहते. चंद्रपुरात त्यात खाणींची आणि वीज केंद्राच्या कोळशाची भर. म्हणजे ज्या मे महिन्यात छप्पर सर्वांत पांढरं हवं, त्याच वेळी ते वर्षातलं सर्वांत मळकं असतं. स्टॅनफर्डच्या किंवा पर्ड्यूच्या गच्चीवर काही दिवस घेतलेल्या मोजमापांवरून परभणीच्या मे महिन्याचा अंदाज बांधता येणार नाही. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या आपल्या गच्चीवर पूर्ण वर्षभर ठेवून दर महिन्याला मोजल्या, तर ते काम फार मोलाचं ठरेल. त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

हिवाळ्याचा प्रश्नही आहे. जे छप्पर मे महिन्यात उष्णता आकाशात टाकतं, ते डिसेंबरातही टाकतं. नाशिक किंवा नागपूरला दहा अंशांच्या रात्री पत्र्याखाली झोपणाऱ्याला हा गारवा नको असतो. २०२१ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या जुनच्याओ वू यांच्या गटानं यावर देखणा उपाय दाखवला. व्हॅनेडियम डायऑक्साइडमध्ये थोडं टंगस्टन मिसळलं की त्याचा स्वभाव २२ अंशांच्या आसपास पालटतो. त्याहून गरम झालं की ते भरपूर अवरक्त किरण सोडतं, थंडी पडली की किरण सोडणं अगदी कमी करून उष्णता धरून ठेवतं. बटण नाही, वीज नाही, पदार्थच आपलं आपण बदलतो. तूर्त ते महाग आहे. आपल्या पठारावर उन्हाळ्याचा जाच हिवाळ्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे पांढरं छप्पर तरीही फायद्यातच राहतं.

जगाच्या एक-दोन टक्के पृष्ठभागावर असला रंग दिला तर तापमानवाढ थांबेल, असे हिशोबही मांडले गेले आहेत. एक टक्का म्हणजे पन्नास लाख चौरस किलोमीटर, भारताच्या दीडपट. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा आपल्या डोक्यावरच्या शंभर चौरस फुटांकडे बघावं.

रंगवायचं असेल तर होळीनंतर, ऊन चढायच्या आधी रंगवावं, म्हणजे कडक उन्हाळ्याला छप्पर ताजं पांढरं मिळतं. स्लॅबवर चुना चालतो, दोन-तीन हात दिले की चांगला पांढरा होतो, पण पावसाळ्यात धुपतो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो. जस्ती पत्र्यावर चुना धरत नाही, पोपडे निघतात. तिथे गंज घासून, प्रायमर मारून बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग दोन हात द्यावा. एप्रिलच्या अखेरीस एकदा मऊ झाडूनं धूळ काढून ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं. पाणीटंचाईच्या गावातही एवढं जमतं. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो घासू नये, त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात आणि ते फुप्फुसात जातात. त्यावर सरळ पाय देऊनही उभं राहू नये, तो अचानक फुटतो. खालच्या वाशांवर भार येईल अशी आडवी फळी टाकावी आणि तिच्यावर बसून, सकाळी ऊन चढायच्या आत काम उरकावं.